समुदाय रेडिओ : लहरी लोकांच्या, वाट परवान्याची

(ठाणे जिल्ह्यातील स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर कल्याण येथे केलेल्या भाषणाचे संपादित रूप)



ग्रामीण भागात स्थानिक रेडिओ केंद्र उभारू इच्छिणाऱ्या संस्थेसमोर कायद्याच्या आणि नियमांच्या कोणत्या अडचणी येतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांनी "आमच्या तालुक्याचा रेडिओ का नाही?" असा प्रश्न वेळोवेळी विचारला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर उपकरणांच्या किमतीत शोधू गेल्यास अर्धेच हाती लागते. उरलेले अर्धे उत्तर कागदपत्रांत, त्यांच्या क्रमात आणि त्यांना लागणाऱ्या काळात दडलेले आहे. तेच आज उलगडून पाहावयाचे आहे.

आपल्या जिल्ह्याची स्थिती मोठी विलक्षण आहे. तानसा आणि भातसा ही शहापूर तालुक्यातील जलाशये मुंबई महानगराची तहान भागवितात. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी येथून मुंबईकडे जाते आणि आवाज मुंबईहून येथे येतो. मुंबईच्या एफ.एम. केंद्रांची गाणी कल्याण-डोंबिवलीत घरोघरी ऐकू येतात. परंतु उद्या टँकर कोणत्या पाड्यावर येणार, भाताचे बियाणे कोठे मिळणार, आदिवासी आश्रमशाळेचे प्रवेश कधी सुरू होणार, हे त्यांतून कळत नाही. ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी आणि आगरी समाजांची बोली तर त्या लहरींवर क्वचितच ऐकू येते.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीकाठच्या बदलापूर आणि कल्याण परिसरात अनर्थ झाला. पुढे २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली आणि सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका बोटी व हेलिकॉप्टरच्या साहाय्याने करावी लागली. अशा प्रसंगी वीज जाते, दूरध्वनी मुके होतात. बॅटरीवर चालणारा लहानसा रेडिओ मात्र बोलत राहू शकतो. त्याने बोलावयाचे तर त्याच खोऱ्यातील, तेथील नाले आणि पूल ओळखणारे कोणी तरी प्रक्षेपकाच्या दुसऱ्या टोकाला असावे लागते.

एक जुना मराठी प्रयोग

रेडिओ आणि खेडे यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व निर्णय केंद्राला लेखी कळवीत. पुढील कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. श्रोतृमंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात इतर गावांच्या मानाने लक्षणीय भर पडल्याचे त्यांना आढळले. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

या प्रयोगातून एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध झाली. खेड्यातील माणूस रेडिओचा केवळ श्रोता राहत नाही. त्याला विचारले तर तो बोलतो, आणि त्याचे बोलणे उपयोगी असते. मात्र त्या काळी गावाचे पत्र पुण्याला जावे आणि उत्तर पुण्याहून यावे, हाच एक मार्ग होता. केंद्रच गावात आणण्याचा विचार करण्यास कायद्याची अनुमती नव्हती.

कायद्याची पार्श्वभूमी

ही अनुमती का नव्हती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्र उभारण्याचा आणि चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. पुढे बिनतारी संदेशवहनालाही तोच नियम लागू झाला. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने तर बिनतारी उपकरण परवान्यावाचून जवळ बाळगणे हाच अपराध ठरविला. आपल्यातील वडीलधाऱ्यांना स्मरत असेल की, घरी साधा रेडिओ ठेवण्यासाठीही पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी शुल्क भरावे लागे. ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत चालू होती. आता २०२३ चा दूरसंचार अधिनियम या जुन्या कायद्यांची जागा टप्प्याटप्प्याने घेत आहे. परंतु लहरी वापरण्यापूर्वी शासनाची अनुमती घेतली पाहिजे, हे मूळ तत्त्व कायम आहे.

परकीय सत्तेला ध्वनिक्षेपणाची धास्ती का वाटे, याचे उदाहरण मुंबईतच घडले. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत जागा बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. पोलिसांनी तो पकडला आणि त्यांना कारावास भोगावा लागला. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, पण हा कायदा पुष्कळ वर्षे तोच राहिला.

या स्थितीत महत्त्वाचे वळण ९ फेब्रुवारी १९९५ रोजी आले. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून केंद्र सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला होता. त्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठी झाला पाहिजे, असे प्रतिपादन केले. हे निकालपत्र देणाऱ्या न्यायमूर्तींत महाराष्ट्राचे न्या. पी. बी. सावंत होते, ही आपल्या अभिमानाची बाब आहे. लहरी ही मक्तेदारीची वस्तू नव्हे. तसेच ज्याने यंत्र आणले त्याची ती खाजगी मालमत्ताही नव्हे. एका निकालात या दोन्ही गोष्टी आल्या. म्हणूनच अधिकार आणि नियंत्रण यांचा तोल आज नियमांतून साधावा लागतो.

धोरणाची वाटचाल

निकालानंतर धोरण येण्यास वेळ लागला. डिसेंबर २००२ मध्ये केंद्र सरकारने प्रथम शिक्षणसंस्थांना समुदाय रेडिओ चालविण्याची मुभा दिली. त्यानुसार १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नई येथील अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. आपल्या राज्यात पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' २००५ मध्ये बोलू लागली. परंतु ही मुभा विद्यापीठाच्या आवारापुरती होती. खेड्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थांना दार उघडले ते १६ नोव्हेंबर २००६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या धोरणाने. नोंदणीकृत सेवाभावी संस्था, सार्वजनिक न्यास, कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांना त्यामुळे पात्रता लाभली. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी, जागतिक रेडिओदिनी, सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्या सुमारास देशात सुमारे ४८० केंद्रे कार्यरत होती. वीस वर्षांचा काळ आणि लाखो खेड्यांचा देश लक्षात घेता हा आकडा आपल्याला विचार करावयास लावतो.

एका अर्जाचा प्रवास

समजा, मुरबाड तालुक्यातील एखाद्या सेवाभावी संस्थेने केंद्र काढण्याचे ठरविले. तिचा अर्ज कसा प्रवास करील?

प्रथम पात्रता. संस्था विनानफा तत्त्वावर चालणारी आणि कायद्याने नोंदलेली हवी आणि स्थानिक जनतेची किमान तीन वर्षे सेवा केल्याचा पुरावा तिच्यापाशी हवा. एकट्या व्यक्तीला, राजकीय पक्षाला अथवा त्याच्याशी संलग्न संघटनेला अर्ज करता येत नाही. त्यानंतर अर्ज दिल्लीला, माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे जातो. आता तो संगणकावरून करण्याची सोय आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ध्वनिक्षेपण हा विषय केंद्रसूचीत, एकतिसाव्या क्रमांकावर आहे. त्यामुळे जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद किंवा राज्य शासन यांपैकी कोणालाही असा परवाना देता येत नाही. आपल्याकडील अनेक संस्था प्रथम तालुक्याच्या कचेरीत चौकशी करतात आणि तेथे उत्तर न मिळाल्याने निराश होतात, त्याचे कारण हे आहे.

दिल्लीत अर्जाची छाननी होते. शासकीय शिक्षणसंस्थांसाठी मार्ग तुलनेने सरळ आहे. सेवाभावी संस्थेच्या बाबतीत मात्र गृह मंत्रालयासारख्या संबंधित खात्यांचा अभिप्राय मागविला जातो. तो अनुकूल आल्यावर संस्थेला इरादापत्र मिळते. इरादापत्र म्हणजे परवाना नव्हे, ही गफलत अनेकदा होते. इरादापत्र हाती आल्यावर दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडे लहर मागावी लागते आणि मनोऱ्याच्या जागेला 'सॅक्फा' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थायी सल्लागार समितीची मान्यता घ्यावी लागते. २००६ च्या धोरणात या मान्यतेसाठी सहा महिन्यांची मुदत सांगितली आहे. मान्यतेनंतर २५ हजार रुपयांची बँक हमी, मग मंत्रालयाशी परवानगीचा करार, मग उपकरणे चालविण्याचा परवाना, आणि सर्व मंजुऱ्या हाती आल्यापासून तीन महिन्यांत केंद्र उभे करणे, असा क्रम आहे.

नियमांमागील कारणे

या साखळीतील प्रत्येक कडी निरर्थक आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एफ.एम. ध्वनिक्षेपणाचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि लगेच त्याच्या पुढे विमानांना मार्ग दाखविणाऱ्या यंत्रणांचा पट्टा सुरू होतो. सदोष प्रक्षेपकाच्या लहरी तेथे घुसल्या, तर वैमानिकाला धोका संभवतो. मनोऱ्याची उंचीही विमानांच्या आणि संरक्षण आस्थापनांच्या दृष्टीने तपासावी लागते. मनोरा किमान १५ मीटर असावा, म्हणजे लहरींचा मारा खाली वावरणाऱ्या माणसांवर थेट होत नाही. आणि तो ३० मीटरपेक्षा उंच नसावा, म्हणजे शेजारच्या केंद्राच्या क्षेत्रात अडथळा येत नाही. तीन वर्षांच्या सेवेची अट रातोरात उगवलेल्या संस्थांना दूर ठेवते.

परवान्यावाचून केंद्र चालविल्यास काय होते, हे बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूर या गावाने पाहिले आहे. तेथील रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने स्वतः बनविलेल्या प्रक्षेपकावर गावाचे केंद्र चालविले. ते लोकांना फार प्रिय झाले. परवाना नसल्यामुळे मार्च २००६ मध्ये ते बंद करण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नवे धोरण आले खरे. परंतु त्या धोरणातही एकट्या व्यक्तीला स्थान नव्हते. गावाला केंद्र हवे होते आणि ते चालविण्याचे कसबही गावात होते. नियमांच्या चौकटीत बसणारी संस्था मात्र नव्हती.

अडचण कोठे येते?

माझ्या मते ग्रामीण संस्थेची खरी अडचण चार ठिकाणी येते.

पहिली अडचण कालावधीची. नियम एकेका टप्प्याला मुदत सांगतात; पण टप्पे एकामागून एक येतात. एक पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला हात लावता येत नाही. दिल्लीतील तीन-चार कार्यालयांशी पत्रव्यवहार करणे मोठ्या शहरातील विद्यापीठाला जमते. मुरबाड-शहापूरच्या संस्थेत तेच काम एखाद्या कार्यकर्त्याला सर्व कामे सांभाळून करावे लागते. मंजुरी येईपर्यंत प्रारंभीचा उत्साह ओसरतो, ज्या देणगीदाराने उपकरणांचे वचन दिले होते त्याचे वर्ष उलटते, आणि प्रशिक्षण घेतलेली मुले नोकरीसाठी शहरात निघून जातात. अर्ज फेटाळला जात नाही. तो थकून खाली बसतो. २०२४ च्या तत्त्वांत इरादापत्राची मुदत एक वर्ष आणि त्यावर तीन महिने अशी ठरविली आहे. त्यामुळे संस्थेला निश्चित काळ मिळाला, परंतु त्या काळात सर्व मान्यता आणण्याची जबाबदारीही तिच्यावर आली.

दुसरी अडचण भूगोलाची. समुदाय रेडिओच्या प्रक्षेपणाची शक्ती सामान्यतः १०० वॅटपर्यंत मर्यादित आहे. विशेष गरज सिद्ध झाल्यास २५० वॅटपर्यंत विचार होऊ शकतो. शंभर वॅटमध्ये पाच ते दहा किलोमीटरचा परिसर व्यापला जाईल, असे धोरण गृहीत धरते. सपाट प्रदेशात ते ठीक आहे. एफ.एम. लहरी मात्र जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की त्याच्या पलीकडे आवाज पोहोचत नाही. माळशेज घाटाच्या पायथ्याची गावे किंवा माहुलीच्या डोंगराआडचे पाडे डोळ्यांसमोर आणा. कागदावर दहा किलोमीटरचे वर्तुळ काढणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्या वर्तुळाचे तुकडे पडतात. जागेची निवड करताना म्हणूनच गावाच्या सोयीपेक्षा टेकडीची उंची अगोदर पाहावी लागते.

कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला याच अडचणीचे दुसरे रूप दिसते. तेथे डोंगर आड येत नाहीत, पण लहरींची गर्दी आड येते. एका शहरातील दोन एफ.एम. केंद्रांमध्ये साधारणतः ०.८ मेगाहर्ट्झचे अंतर राखले जाते. त्यामुळे ८८ ते १०८ या पट्ट्यात मोजक्याच जागा निघतात, आणि मुंबईतील आकाशवाणीच्या व खाजगी केंद्रांनी त्यांतील पुष्कळ व्यापल्या आहेत. महापालिकेच्या हद्दीला चिकटून असलेली सत्तावीस गावे २००२ मध्ये हद्दीतून वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. प्रशासकीय सीमा अशा सरकत राहतात. लहरींच्या दृष्टीने मात्र ती गावे कायम महानगराच्याच छायेत असतात.

तिसरी अडचण आशयाची. समुदाय रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरील कार्यक्रम देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा, किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून, देता येतात. हवामान, वाहतूक, परीक्षा, नोकरीच्या संधी, पाणी व वीजपुरवठा, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्य यांविषयीच्या सूचना बातम्यांत मोडत नाहीत; त्या देता येतात. ही सूट मोलाची आहे आणि तिचा पुरेपूर उपयोग केला पाहिजे. पण सीमारेषेवरचा प्रश्न राहतोच. ग्रामसभेत पाणीपुरवठ्याविषयी ठराव झाला, तो सांगणे ही सूचना की बातमी? टँकर आला नाही, असे एका भगिनीने ध्वनिक्षेपकापुढे सांगितले, तर ती माहिती की तक्रार? अशा ठिकाणी लहान संस्था भीतीपोटी गप्प राहणे पसंत करते. प्रसारित झालेल्या कार्यक्रमांच्या ध्वनिफिती तीन महिने जपून ठेवण्याचा नियम आहे. तो ओझे न मानता संस्थेने आपला बचाव मानावा, असे मला वाटते.

चौथी अडचण अर्थकारणाची. २००६ च्या धोरणानुसार अर्जाचे शुल्क २,५०० रुपये आणि लहरींचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपये होते. २०१२ मध्ये हे वार्षिक शुल्क ९१,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. देशभरातील केंद्रांनी विरोध केला आणि ती वाढ टिकली नाही. केंद्र चालविण्याचा खर्च मात्र दररोजचा असतो: वीज, दुरुस्ती, कार्यकर्त्यांचे मानधन. जाहिरातींना प्रारंभी ताशी पाच मिनिटे मिळत, पुढे सात मिनिटे झाली; २०२४ मध्ये ती मर्यादा बारा मिनिटे करण्यात आली आणि शासकीय जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. परवानगीचा कालावधीही पाच वर्षांवरून दहा वर्षांचा झाला. सल्लागार समितीत निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, अशी तरतूदही याच वेळी आली. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांचा लाभ केंद्र सुरू झाल्यानंतरचा आहे. सुरू होण्यापूर्वीची वाट अजूनही लांबच आहे.

ज्यांनी वाट पाहिली, पण वेळ दवडला नाही

या वाटेवरून यशस्वीपणे गेलेल्यांकडून काय शिकता येईल? आपल्या शेजारी, तेलंगणातील जहिराबाद परिसरात, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या दलित शेतकरी स्त्रियांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ध्वनिमुद्रणाची तयारी केली. परवाना मिळणे तेव्हा शक्यच नव्हते. त्यांनी वर्षानुवर्षे कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले आणि गावोगावच्या महिला मंडळांच्या बैठकांत ते ऐकविले. १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचा 'संघम् रेडिओ' सुरू झाला, तेव्हा हाताशी कार्यक्रमांचा साठा होता आणि कानाशी श्रोते होते. त्याचे उद्घाटन न्या. पी. बी. सावंत यांच्याच हस्ते झाले. तेरा वर्षांपूर्वी दिलेल्या निकालाचे फळ त्यांनी अशा रीतीने डोळ्यांनी पाहिले.

कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात बुदिकोटे या गावी 'नम्म ध्वनी' या उपक्रमाने दुसरी युक्ती योजली. आकाशातील लहरींना परवाना लागतो, तर आवाज तारेतून न्यावा, असे ठरवून त्यांनी केबलच्या जाळ्यातून घराघरांत कार्यक्रम पोहोचविले.

आणि आपल्या महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्ये 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू केली. तालुका कायम दुष्काळी. पण १९९७ साली स्थापन झालेल्या महिला सहकारी बँकेच्या कामामुळे गावोगाव ओळखीचे जाळे विणलेले होते. तीन वर्षांच्या सेवेचा पुरावा शोधावा लागला नाही. तो तालुकाभर चालत-बोलत होता. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात जालिहाळ येथील 'येरळा वाणी' हेही याच परंपरेतील नाव आहे.

या उदाहरणांचा अर्थ सरळ आहे. परवाना हा कामाचा आरंभ नसतो. कार्यक्रम, श्रोते आणि लोकांचा विश्वास यांपैकी एकाही गोष्टीला परवाना लागत नाही. परवाना लागतो तो फक्त लहरींना. म्हणून वाट पाहण्याचा काळ हाच उभारणीचा काळ मानला पाहिजे.

आपण काय करू शकतो?

आता ठाणे जिल्ह्यापुरत्या काही सूचना करतो.

पहिली सूचना संस्थेची निवड करण्याविषयी आहे. बहुतेक महिला बचत गट स्वतंत्रपणे नोंदलेले नसतात, त्यामुळे त्यांना स्वतःच्या नावाने अर्ज करणे अवघड जाते. त्यांनी जुन्या, नोंदणीकृत आणि विश्वासार्ह संस्थेच्या छत्राखाली एकत्र यावे आणि सल्लागार समितीत आपल्या प्रतिनिधी बसवाव्यात. महाविद्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र जवळ असल्यास त्याची पात्रता थेट आहे. तेथे वाट अधिक सुकर होते.

दुसरी सूचना, कागदपत्रांची तयारी आजच करावी. घटना, नोंदणीपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, केलेल्या कामाची छायाचित्रे व पत्रे, नियोजित जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, हे सारे एका नस्तीत असावे. अर्ज रेंगाळण्याची निम्मी कारणे अपुऱ्या कागदांतून निर्माण होतात.

तिसरी सूचना प्रशासनाला आहे. परवाना देण्याचा अधिकार जिल्ह्याला नसला, तरी साहाय्य करण्यास कोणताही कायदा आड येत नाही. जिल्हा पातळीवर एका अधिकाऱ्याने समुदाय रेडिओच्या अर्जांचा पाठपुरावा करावा. मनोऱ्यासाठी शाळेचे किंवा ग्रामपंचायतीचे आवार देण्याचे निर्णय त्वरेने व्हावेत. आणि पूर, पाणीपुरवठा, लसीकरण यांविषयीच्या शासकीय सूचना केंद्रांना नियमितपणे मिळाव्यात. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात स्थानिक रेडिओला स्थान मिळाले, तर केंद्राची उपयुक्तता सिद्ध होईल आणि त्याला आर्थिक आधारही लाभेल.

चौथी सूचना दिल्लीसाठी आहे आणि ती आपण सर्वांनी मिळून मांडावी. गृह मंत्रालयाचा अभिप्राय, लहरींचे वाटप आणि जागेची मान्यता हे टप्पे एकामागून एक घेण्याऐवजी शक्य तेथे एकाच वेळी चालावेत. मुदत ओलांडली गेल्यास अर्जदाराला कारण कळविले जावे. डोंगराळ तालुक्यांसाठी प्रक्षेपणशक्तीचा विचार वर्तुळाने न करता प्रत्यक्ष उंचसखलपणा पाहून व्हावा. सुरक्षिततेची कोणतीही तपासणी यात कमी होत नाही. फक्त ज्याचा हात लहान आहे, त्यालाही दार उघडता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

मित्रहो, १९९५ च्या निकालाने लहरींवर जनतेचा हक्क सांगितला. हक्क सांगितला गेला म्हणून तो मुरबाडच्या पाड्यावर आपोआप पोहोचत नाही. तो तेथवर नेणे हे संस्थेच्या चिकाटीचे, अधिकाऱ्याच्या तत्परतेचे आणि नियम करणाऱ्याच्या कल्पकतेचे संयुक्त काम आहे. आज येथे आलेल्या संस्थांनी परत गेल्यावर एवढे तरी करावे. परवान्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवून आपल्या गावातील एका वृद्ध शेतकऱ्याचे, एका दाईचे आणि एका विद्यार्थिनीचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि ते चावडीवर दहा माणसांना ऐकवावे. ती दहा माणसे पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, तर आपल्या केंद्राचा पाया घातला गेला, असे समजण्यास हरकत नाही. त्यानंतर अर्ज करावा आणि तो मंजूर होईपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नये.